दोन भावांचा सौदा
जळक्या वायरचा वास आला की मला आमचं उद्यमनगरातलं ऑफिस आठवतं. इंटरनेट तेव्हा नवं होतं. कारखानदारांसाठी आम्ही दोन प्रोग्रॅम लिहिले होते, एक विकणारा, एक घेणारा. ते आपसांत घासाघीस करून परस्पर सौदा ठरवायचे. त्यांना माल आणि भाव कळे, माणसं कळत नसत. म्हणून एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या दोन भावांचा सौदा त्यांनी बिनबोभाट जमवला. थोरल्याच्या फाउंड्रीत ओतलेले लोखंडी भाग, म्हणजे कास्टिंग, धाकट्याच्या वर्कशॉपच्या दारात उतरले, तसे दोघंही आमच्याकडं धडकले. "माझा माल ह्याच्या दारात कुणी धाडला?" म्हणत थोरल्यानं चालू मॉनिटर उचलून फरशीवर आपटला. काचा उडाल्या, धूर निघाला. धाकट्यानं कीबोर्ड त्याच्या कपाळात हाणला. रक्त भुवईवरून शर्टावर ओघळलं. दोघं एकमेकांच्या नरड्याला भिडले. मी ओरडत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. मग थोरला धापा टाकत म्हणाला, "आईच्या मयताला आला न्हाईस. आज मला माराय तरी आलास की." धाकट्याचे हात आपोआप सुटले. माल त्यानं परत धाडला नाही. मी अजून असेच प्रोग्रॅम लिहिते; थोरल्याचं ते वाक्य ज्याला कळेल, असा एकही मात्र मला अजून लिहिता आलेला नाही.