नेलं होतं

बॅगेची चेन मी स्वतः उघडली. ते अजून सलतं.

कोथरूडमधलं लॉ कॉलेज. शेवटचं वर्ष. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा तास संपत आला आणि पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, "माझं घड्याळ गेलं!"

एकेक मान वळली. माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात ओळख करून देताना मी जात सांगितली होती. पारधी. ताठ मानेनं सांगितली होती.

सर म्हणाले, "बॅगा बघून घेऊ. कोणी वाईट वाटून घेऊ नका."

'बॅगा' म्हणाले. येऊन थांबले माझ्याच बाकाशी.

मी चेन उघडली. सरांनी बॅग टेबलावर उलटी केली. वही. भाकरीचा डबा. बसचा पास. पॅडचं पाकीट. मागे कोणीतरी हसलं. घड्याळ नव्हतं. दुसरी एकही बॅग उघडली गेली नाही. दहा मिनिटांत घड्याळ सापडलं, बेसिनपाशी. तिनंच हात धुताना काढून ठेवलं होतं.

"मिळालं ना? मग विषय संपला," सर म्हणाले.

त्याच तासाला, अर्ध्या तासापूर्वी, हेच सर छळाविरुद्धचा करार शिकवत होते. "युद्ध असो, आणीबाणी असो, छळाला कुठलीही सबब चालत नाही. जगानं हे मान्य केलंय." मी ते वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. कोणीतरी विचारलं, आणि भारतानं? सर म्हणाले, "सही केलीय, मंजुरी नाही. साखरपुडा झालाय, लग्न राहिलंय."

वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची लाज वाटते. कारण माझा बा मला माहीत होता.

मी आठवीत होते. हडपसरच्या पलीकडे आमची पालं. बा सिग्नलवर गाड्या पुसायची फडकी विकायचा. एका सकाळी पोलीस आले. कुठल्याशा बंगल्यात चोरी झाली होती. बा चहा पीत होता. कोणी त्याचा हात धरला नाही. त्यानं आपणहून चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसला.

चौथ्या दिवशी परत आला. चपला हातात. पाय त्यात मावत नव्हते.

चोर दुसराच निघाला म्हणे. बाला तेही कोणी सांगितलं नाही. तेव्हापासून मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला की तो ताटावरून उठतो. कुणाच्या किल्ल्या वाजल्या की अंग चोरतो. झोपेत पाय पोटाशी घेतो. आमच्याकडे याला छळ म्हणत नाहीत. 'नेलं होतं' म्हणतात. जणू पाहुण्यांकडे नेलं होतं. छळ हा शब्द मला सरांनी दिला. बॅगही सरांनीच उलटी केली.

त्यानंतर रोज बसमध्ये बा दिसायचा. चपला घालणारा. तो नाही का म्हणाला नाही, याचा मला लहानपणी राग यायचा. आता कळलं. नाही म्हणायच्या आधीच हात पुढे झालेला असतो.

पंधरा दिवसांनी सरांनी स्टाफरूममध्ये बोलावलं. मानवी हक्कांवर कार्यक्रम होता. बाहेरचे पाहुणे येणार होते.

"तू पाच मिनिटं बोल. कुठल्या समाजातून इथवर आलीस, लोकांना प्रेरणा मिळेल. आणि हो, ते बॅगेचं काढू नकोस. उगाच विषयांतर."

"मी बोलणार नाही, सर. मी अर्ज देणार आहे. बॅगेचाच."

"अगं, माझ्या मनात तसं काही नव्हतं."

"मग बाकीच्यांच्या बॅगा का नाही उघडल्या?"

सर चष्मा पुसू लागले. "तुला वकिली करायचीय ना? माणसं तोडून वकिली होत नाही."

अर्ज दिला. पोच घेतली. महिन्यानं कॉलेजच्या तक्रार समितीचं उत्तर आलं. 'गैरसमजातून घडलेला प्रकार.' माफी नाही. आता माझ्या बाकावर मी एकटी बसते.

ते उत्तर घरी नेऊन बाला वाचून दाखवलं. मग विचारलं, "बा, तुला नेलं तेव्हा काय काय केलं?"

आई उठून बाहेर गेली. बानं पाय पुढे केले आणि सांगायला लागला. आमच्या बोलीत. मी मराठीत लिहीत गेले. पट्टा. पाणी. तळपाय. कोण मोजत होता. कोण हसत होता. चार पानं भरली.

"आता काय हुईल?" त्यानं विचारलं.

मी कायदा वाचला होता. मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जावं लागतं. बाला बोलायला नऊ वर्षं लागली.

"काही होणार नाही," मी म्हणाले. त्याच्याशी खोटं बोलवेना.

त्यानं अंगठा पुढे केला. "तरी दे."

तक्रार पाठवलीय. मुदत संपली म्हणून परत येईल. येऊ दे. नाकारल्याचा तो कागद घेऊन मी पुढचं दार ठोठावणार.

आणि प्रत्येक पालात माझा नंबर लिहून दिलाय. यापुढे कोणाला नेलं, तर वर्ष जाऊ देणार नाही. दिवसही नाही. चौकीच्या दारात उभी राहून विचारणार. अटक केली असेल तर कागद दाखवा. केली नसेल तर माणूस बाहेर पाठवा.