जी शांतता तिथे नव्हतीच

नाटक पाहून परतताना पैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत त्यावर बोलायचं नाही, हा आमच्या संसारातला नियम लग्नानंतरच्या पहिल्याच नाटकापासूनचा. आदिलाबादला मराठी नाटक क्वचित येतं. म्हणून आम्ही दोघं नदीपलीकडे जायचो, दुपारचा प्रयोग पाहायचो, नणंदेकडे मुक्काम करायचो आणि सकाळच्या बसने परत निघायचो. तोवर ते नाटक न पिळलेल्या कपड्यासारखं जड होऊन आमच्यामध्ये पडून असायचं. पूल संपला की माझे पती घसा खाकरत आणि फैसला सुनावत. आयुष्यभर तहसील कचेरीत काम केलेला माणूस. मत म्हणायचं नाही, फैसलाच म्हणायचं. "हद्दीबाहेर फैसला देता येत नाई," हे त्या नियमाचं त्यांनी दिलेलं कारण. नागपूरच्या वर्तमानपत्रात येणाऱ्या परीक्षणाला ते पंचनामा म्हणत.

पंचनामा आणि फैसला कधीही जुळले नाहीत. एका समीक्षकाने नायिकेच्या संयत, आतल्या आत घुसमटणाऱ्या स्वराची तोंडभरून स्तुती केली होती. ती वाचून हे म्हणाले, "बाप्पा! तिले सर्दी झालती." मीही पुढच्या रांगेत बसून निलगिरीच्या तेलाचा वास घेतला होता, तेव्हा माझं मत यांच्याच बाजूने पडलं. दुसऱ्या एकाने जे नाटक भाबडं म्हणून निकालात काढलं, त्यातला काकणं उतरवण्याचा किणकिणाट माझ्या कानात अजून आहे. मात्र खरा कान त्यांचा. मी शाळेत कविता शिकवत आले. मला नाटकातून रंग आठवतात, वास आठवतात, पडद्याची धूळ आठवते. त्यांना वाक्यं आठवत. जुन्या नाटकातला अख्खा प्रवेश ते भाकरी खाता खाता म्हणून दाखवत, कोण कुठे अडखळलं त्या अडखळीसकट.

मागच्या हिवाळ्यात आम्ही एक नाटक पाहिलं. मुलगा गेलेली आई शेवटच्या प्रवेशात मधूनच एखादं वाक्य पुटपुटत त्याच्या एकेका कपड्याची घडी घालते, एवढाच त्याचा शेवट. तो सुरू झाला आणि सभागृहाची वीज गेली. खिडकीमागे जनरेटर लावला. डिझेलचा उग्र वास आत आला, पत्र्याची भिंत थरथरू लागली, मागे कुणाचं तरी लेकरू किंचाळू लागलं. बिचारी नटी शिरा ताणून वाक्यं फेकत होती. मला त्यातलं एकही अखंड मिळालं नाही.

सकाळी नदीवर धुकं होतं. पूल संपला. त्यांनी घसा खाकरला.

"शेवटची ती शांतता," ते म्हणाले. "एवढी शांतता म्या कोण्याच नाटकात आयकली नाई."

मी हसले. "टोमणा मारून राह्यले का?"

"टोमना? काऊन?"

त्यांचे डोळे ओले होते. माझ्या हातांतली ऊब कुणीतरी ओढून घ्यावी तशी गेली. बसच्या काचेला दव होतं. मी बोट टेकवलं आणि तेवढ्या गोल जागेतून बाहेरची कापसाची शेतं पाहत राहिले.

मी एवढी का घाबरले, ते सांगायला हवं. त्यांचे थोरले भाऊ बेला गावाकडे शेती करायचे. त्यांचं असंच सुरू झालं होतं. न झालेल्या लग्नांची वर्णनं, विकलेल्या बैलांना हाका. आज ते ओसरीवर बसतात आणि पाणी घेऊन आलेल्या आपल्या बायकोला विचारतात, "बाई, तुमी कोनाच्या घरच्या?" जाऊबाईंचा तेव्हाचा चेहरा मी पाहिला आहे. तो चेहरा आता आरशात माझ्याकडे पाहू लागला.

दोन-तीन दिवसांनी पंचनामा आला. समीक्षकाने प्रयोग नागपुरात पाहिलेला. त्याने लिहिलं होतं की शेवटच्या प्रवेशातली शांतता हेच या नाटकाचं हृदय आहे. यांनी अंगणात उभं राहून ते मोठ्याने वाचलं.

"ध्यानात ठेव, मास्तरीणबाई! पंचनामा अन् फैसला जुळले. जिंदगीत पयल्यांदा!"

त्यांचा आनंद पाहून माझी भीती दुप्पट झाली. नागपूरला ती शांतता असेल. आमच्या सभागृहात ती नव्हतीच. मग माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून हा माणूस कुठे गेला होता?

त्यानंतरचे दिवस मी पाळत ठेवण्यात घालवले. कल्हई उडालेल्या भांड्यातलं पाणी प्यावं तशी चव सतत जिभेवर होती. आज वार कोणता, लेकीच्या सासूचं माहेर कुठलं, असे प्रश्न मी भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखे टाकायची. ते बरोबर उत्तरं देत आणि वैतागत.

"काऊन वं, शाळा भरवून राह्यली काय?"

कधी कधी मात्र ते भलतंच उत्तर देत. मी मीठ मागितलं की पीठ उचलत. लेकीला फोनवर सगळं सांगावं असं वाटे; पण उच्चारलं की ते खरं होईल, या भीतीने मी हवापाण्याचं बोलून फोन ठेवत असे.

एका दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. खाली कुकरची शिट्टी थांबेना. धावत आले तर स्वयंपाकघर जळक्या वरणाच्या वासाने भरलेलं, आणि हे शेजारच्याच खोलीत, उघड्या दारापाशी, पेपर वाचत बसलेले. वास आला तशी त्यांनी मान वर केली.

"शिट्टी नाही ऐकली?" मी विचारलं.

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. आपला नवरा आपल्या ओठांकडे असा बघतो, हे मला इतक्या दिवसांत कसं दिसलं नव्हतं? मी गॅस बंद केला. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मला भीती वाटते." उत्तर नाही. पुन्हा म्हणाले, मोठ्याने. पाठीमागे पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला.

वळले तेव्हा माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असावं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"डावा कान लई दिवसापासून. उजवा यंदा गेला."

"मला सांगायचं नाही?"

"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, आता नाटकं बंद, घरीच बसा."

मी त्यांच्यासमोर बसले आणि शब्द एकेक वेगळा करून, ओठ दिसतील असं, जनरेटरचं सांगितलं. डिझेलचं, लेकराचं, घसा फोडणाऱ्या त्या बाईचं. ते ऐकत, म्हणजे पाहत राहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ते नटी तोंड उघडून राह्यली होती," ते म्हणाले. "आवाज नाई. मले वाटलं, हेच नाटक हाय. दुःखानं बाईचा आवाज गेला." मग पेपरची घडी घालत, "मंग म्या पाह्यलं काय?"

भावाचं जे झालं ते यांचं झालेलं नाही, म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या त्या प्रश्नाने नवीच भीती घरात आणली. ती आता दोघांची होती.

डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्यात घरातलं बोलणं ऐकू येतं. सभागृहात मात्र टाळ्या पत्र्यावर गारा पडाव्या तशा कोसळतात आणि वाक्यांच्या ठिकऱ्या होतात. ते यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात ठेवतात आणि कान माझ्याकडे झुकवतात. मी त्यांच्या कानाला तोंड लावून वाक्यं सांगते; इतक्या जवळून थोडंफार ऐकू येतं. सगळी सांगता येत नाहीत. एक सांगेपर्यंत पुढची दोन निघून जातात. मी निवडते. ज्याला मी गाळते तो नट त्यांच्यासाठी मुका होतो, ज्याला मी उचलते तो मोठा. समीक्षकांना आम्ही आयुष्यभर हसलो. निदान ते नाटक संपल्यावर लिहीत. मी नाटक चालू असतानाच त्यांच्या कानात माझं मत ओतत असते आणि ते त्याला नाटक समजतात.

परवाच्या नाटकात एक म्हातारा बायकोला म्हणाला, "माणूस गेलं की आधी त्याचा आवाज विसरतो आपण. चेहरा राहतो." सभागृह स्तब्ध झालं. शेजारून कोपर लागलं.

"काय म्हनला?"

त्यांच्या कानामागचा खोबरेल तेलाचा ओळखीचा वास आला. दुसरं काहीही सांगता आलं असतं. त्यांना कळलं नसतं. मी वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एकही शब्द न गाळता, आणि अंधारात त्यांचा चेहरा शोधत राहिले. त्यांनी मान हलवली. ऐकू आलं म्हणून, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला ओळखता आलं नाही.