बाथटबमधली सुरमई

आमच्या ह्यांनी जन्मात मासा खाल्ला नव्हता, पण मासे मारण्याचं वेड असं की सुट्टीचा शुक्रवार उजाडला की हे घरात सापडायचे नाहीत. माहेर-सासर दोन्ही पुण्याचं, दोन्हीकडे चूल शाकाहारी. कुवेतला आल्यावर मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतल्या एका इंग्रज साहेबाने ह्यांना आपल्या मोटरबोटीतून समुद्रावर नेलं आणि माणूस हातचा गेला. होडीमागे लांब दोरीला गळ सोडायचा, होडी सावकाश चालवत राहायची आणि मोठी सुरमई लागली की तासभर तिच्याशी झुंजायचं. "खायचा नाही तर धरता कशाला?" असं मी विचारलं की म्हणायचे, "तू क्रिकेट बघतेस, बॉल खातेस का?"

धरलेला मासा जायचा समोरच्या फ्लॅटमधल्या खालांकडे. त्या रत्नागिरीच्या; खाला म्हणजे मावशी, सगळी इमारत त्यांना तसंच म्हणायची. यजमानांचं कापडाचं दुकान होतं. ह्यांनी मासा दारात द्यायचा, खालांनी कापून वाटे करायचे आणि अबू हलीफा भागातल्या आमच्या अख्ख्या इमारतीत पोचवायचे. शुक्रवारी दुपारी जिन्यात तळणीचा वास दरवळायचा आणि मी नाकाला पदर लावून वर चढायचे. आता त्या वासाचीसुद्धा आठवण येते.

वर्षातून एकदा साहेब लोकांच्या क्लबची स्पर्धा असे. सर्वांत वजनदार माशाला कप. तोवर तो कप कुठल्याही हिंदी माणसाला मिळाला नव्हता. ह्यांना तो हवा होता, अगदी लहान मुलाच्या हट्टाने. झोपेतसुद्धा दोरी ओढायचे!

त्या वर्षी ह्यांना प्रचंड सुरमई लागली. साहेबाने स्वतः हात मिळवून सांगितलं, "कप तुझाच." वजन संध्याकाळी, क्लबच्या धक्क्यावर, आणि मासा अखंड हवा. मी तेव्हा इस्पितळात ड्युटीवर होते. मला ते वजन बघायला मिळावं म्हणून हे मुद्दाम न्यायला आले. धक्क्यावर ऊन आणि आमच्या घरात मासा चालत नसे, म्हणून येण्याआधी सुरमई खालांच्या बाथटबमध्ये बर्फावर ठेवली आणि घाईघाईत एवढंच म्हणाले, "खाला, ही सांभाळा." गाडीत सगळा रस्ताभर हे माझ्याशी बोलत होते. इतके आनंदात मी ह्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

खालांचं दार उघडंच होतं. ओट्यावर परातींमध्ये हळद-मीठ लावलेल्या तुकड्या रचलेल्या, आणि बाथटब घासून लख्ख.

"आलात भाऊ? एवढी थोर सुरमई! हात दुखून आले बघा माझे," खाला हसत म्हणाल्या.

स्पर्धेचं मीच सांगितलं. "मना काय ठावं? दर जुम्म्याला कापतेच ना मी," म्हणत खाला रडायला लागल्या. त्यांचं तरी काय चुकलं? आमच्याकडून आलेला मासा न कापता ठेवायचा असतो, हे त्यांना स्वप्नात तरी सुचलं असतं का? पण त्यांची समजूत पटेना. वाटे फेकून देते म्हणाल्या, ह्या माशाचा घास कुणाच्या तोंडी लागू देणार नाही म्हणाल्या.

तेव्हा हे पाटावर बसले. "खाला, मला वाढा."

"नको भाऊ, तुमच्यात चालत नाय."

"वाढा."

खालांनी एक तुकडी तळली. ह्यांना काटा काढता येईना, तो खालांनीच बोटांनी काढून दिला. मी दारात उभी राहून बघत होते. ह्यांनी तुकडी संपवली, वर "छान झालीय" असंही म्हणाले. खालांनी डोळे पुसले आणि वाटे घेऊन शेजारी निघाल्या.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "कशी लागली हो?"

ह्यांनी घड्याळ पाहिलं. "आत्ता वजनं सुरू झाली असतील," म्हणाले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. मीही शेजारी बसले.