डावी गिटार

आमचे धाकटे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात आणि उरलेल्या वेळात भांडतात. भांडण जागेचं नाही, वाटणीचं नाही. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या, केव्हाच फुटलेल्या दोन गिटार बँडपैकी थोर कोणता, याचं भांडण. एकाचं नाव रस्टी झिपर, म्हणजे गंजलेली चेन. दुसऱ्याचं वेट कार्डबोर्ड, म्हणजे ओला पुठ्ठा. मोठ्या कंपन्यांनी या लोकांना दारात उभं केलं नाही, आणि यांनीही नाक वर करून स्वतःच रेकॉर्डी काढल्या. पुढे यांचं ऐकून गावोगावच्या पोरांनी बँड काढले म्हणे. हे सगळं मला पाठ आहे, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून दर रविवारी दुपारी मी हेच ऐकते आहे.

भांडायला दोघं येतात. एक भाऊजींचा कॉलेजातला मित्र, दातांचा डॉक्टर. त्याला सगळे पक्कड म्हणतात. तो ओल्या पुठ्ठ्याचा भक्त, भाऊजी गंजलेल्या चेनचे. दुसऱ्या ग्रंथपालबाई. त्यांचं म्हणणं ठरलेलं: हे दोन्ही बँड ठीक, पण खरे थोर ते यांच्या आधीचे, ज्यांचं कोणी नावही ऐकलेलं नाही. बाईंनी असं एखादं नाव काढलं की दोघं आपसातलं सोडून बाईंवर तुटून पडतात. माझे यजमान रविवारी जेवले की आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतात. एकदा तर खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले होते, पोलिसांना बोलवू का, असं विचारायला.

वाद फारच हाताबाहेर गेला की 'खुर्ची' होते. हा त्यांचा जुना नियम. ज्याने दावा केला त्याने खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, हेडफोन लावायचे आणि डोळे मिटायचे. डाव्या बाजूने गिटार वाजली की डावा हात वर करायचा, उजवीकडून वाजली की उजवा. बाकीच्यांना गाणं तोंडपाठ असतं, ते घड्याळाकडे बघत ताडून बघतात. पन्नाशीला टेकलेली ही माणसं, पण हात वर-खाली करताना बघितलं तर हसू आवरत नाही.

त्या रविवारी पक्कड म्हणाला, "तुझ्या चेनमध्ये दोन गिटार आहेत कशाला? डावीकडची तेच वाजवते जे उजवीकडची वाजवते. एकीचा पगार वाचला असता."

भाऊजी उसळलेच. "डावी वेगळं बोलते! उजवी विचारते आणि डावी उत्तर देते. सगळा बँड त्या उत्तरावर उभा आहे. बहिऱ्यालाही कळेल."

"मग बस खुर्चीत."

भाऊजी बसले. मी चहाचे कप घेऊन दारातच उभी होते. गाणं सुरू झालं, उजवा हात वर गेला, खाली आला, परत वर गेला. डावा हात मांडीवर तसाच. शेवटपर्यंत तसाच. भाऊजींनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"बघा!" पक्कड ओरडला. "याला स्वतःलाच ऐकू येत नाही आणि आम्हाला शिकवतो!" जिंकल्याची चव घ्यायला त्याने हेडफोन ओढून स्वतःच्या डोक्याला लावले आणि तेच गाणं पुन्हा लावलं. त्याच्या हसण्याचं काय झालं ते मी समोरून पाहिलं. हेडफोन बिघडलेले नव्हते. त्याला डावी गिटार ऐकू येत होती. त्याने हेडफोन हळूच काढून ठेवले आणि म्हणाला, "जाऊ दे. तुझंच खरं आहे. डावी वेगळी आहे."

ते वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भाऊजींनीही नाही.

पुढच्या रविवारी दोघं आली ती जणू आजाऱ्याला भेटायला. भाऊजी काहीही म्हणोत, पक्कड 'हो रे' म्हणे. बाईंनी एकही नवं नाव काढलं नाही. त्यानंतरच्या रविवारी भाऊजींनी मुद्दाम खडा टाकून पाहिला: ओला पुठ्ठा हा बँडच नव्हे, तो गोंगाट आहे. एरवी पक्कड पंधरवडाभर बोलला नसता. त्याने मान डोलवली आणि चहात बिस्किट बुडवलं.

संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकले. "वहिनी, ते माझ्याशी भांडत नाहीत."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आमचे सासरे याच वयात बहिरे झाले. आधी डावा कान गेला, तोही बारीक आवाजांपासून: चमचा पडल्याचा, कडी वाजल्याचा. मग हळूहळू घर त्यांच्याशी भांडेनासं झालं. ते चुकीचं बोलले तरी सगळे मान हलवायचे, कारण ओरडून पटवण्यापेक्षा हो म्हणणं सोपं. घरात असून माणूस घरातून उठून गेला.

"कामावर काय?" मी विचारलं. "तिथे ऐकू येतं का?"

"तिथे काही नाही. मोटरला स्क्रूड्रायव्हर टेकवतो, मूठ कानामागच्या हाडाला लावतो, बेअरिंगची घरघर स्वच्छ येते. पण बाबांचंही आधी बारीकच गेलं होतं ना."

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"नको. बाबांना काय उपयोग झाला?"

"भाऊजी, कोणाची लिफ्ट अडकली आणि त्याने तुम्हाला फोन न करता आतच बसून देवाचं नाव घेतलं, तर त्याला काय म्हणाल?"

"गाढव म्हणेन."

"मग मी काही म्हणत नाही. उद्या दहाला तयार राहा."

डॉक्टर वयाने लहान, पण बोलायला खमकी होती. तिने एक लोखंडी नादकाटा तळहातावर आपटून वाजवला आणि त्याची दांडी भाऊजींच्या कपाळावर टेकवली. "कुठल्या कानात जास्त वाजतंय?"

भाऊजी घाबरून म्हणाले, "डाव्या. पण डावाच तर गेलाय."

"नस गेली असती तर उजव्यात वाजलं असतं." तिने बॅटरी लावून कानात पाहिलं, मग मागे सरून भाऊजींकडे पाहिलं. "काका, झोपताना कानात काय घालता?"

भाऊजी माझ्याकडे बघू लागले. मीच सांगितलं. रोज अंथरुणावर डाव्या कुशीला पडून, रबरी बोंडाचे इअरफोन कानात कोंबून, चेनची गाणी.

"आणि इतकी वर्षं तो मळ दाबून दाबून आत बसवलात. दगड झालाय. नसेला काही झालेलं नाही."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता तो सोडला. डोंगर पोखरून उंदीर निघतो असं म्हणतात. आमच्याकडे कान पोखरून मळ निघाला, आणि उंदरावर एवढी माया मी आयुष्यात कधी केली नव्हती. थेंब घालून तो मऊ व्हायला थोडे दिवस लागले. मग तिने कोमट पाण्याची पिचकारी मारली, एक काळा गोळा ट्रेमध्ये पडला, आणि भाऊजींनी एकदम हात वर करून मला थांबवलं.

"वहिनी, तुमची पिशवी किती वाजते हो!"

माझ्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी होती. मी ती पुन्हा चुरगाळली. ते हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. माझीही तीच गत. डॉक्टरने आम्हाला कापूस दिला, कानासाठी की डोळ्यांसाठी ते विचारलं नाही.

रविवारी दोघं आली. भाऊजींनी काही सांगितलं नाही, मलाही डोळ्यांनीच गप्प बसवलं. ते गंजलेल्या चेनचं कौतुक करत राहिले, पक्कड 'हो रे, हो रे' करत राहिला. मग पक्कड त्यांच्या डाव्या बाजूने वाकून बाईंच्या कानात अगदी हळू कुजबुजला, "आज फारच थकलेला दिसतोय."

भाऊजींनी मानही वळवली नाही. "तुझ्या ओल्या पुठ्ठ्याला थकलोय."

पक्कडने बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला काही हसू आवरेना. पक्कड उठला, भाऊजींच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि पुटपुटला, "दोन गिटार म्हणजे एकीचा पगार फुकट."

"मूर्खा, ती उत्तर देते!"

"मूर्ख तू! काय कप्पाळ उत्तर देते? तीन आठवडे तुझी बडबड ऐकून घेतली! चेन म्हणजे भंगार, तू भंगार, तुला गाण्यातलं काडीचं कळत नाही!" पक्कडचा आवाज फाटला होता, आणि एका हाताने तो चष्मा काढून डोळे पुसत होता. बाईंनी तेवढ्यात कोणा तरी तिसऱ्याच बँडचं नाव काढलं आणि दोघं त्यांच्यावर तुटून पडले.

भाऊजी मधेच माझ्याकडे वळले. चेहरा लालबुंद, कान त्याहून लाल.

"ऐकलंत, वहिनी?" ते म्हणाले. "मला मूर्ख म्हणाला तो."