शून्य पावलं

रावसाहेबांनी यंत्र जमिनीवर टाकलं आणि चपलेच्या टोकानं माझ्याकडं सरकवलं. हातात दिलं नाही. "उचल. कमरेला बांध. आठ दिवस सोडायचं नाही."

घड्याळाएवढं यंत्र. माणूस चालला की पावलागणिक काटा सरके. मुंबईहून आलेले हे शिकलेले गृहस्थ चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यात पाटलाकडं उतरले होते. उष्णता मोजता येते, पाऊस मोजता येतो, तसं स्वातंत्र्यही शास्त्रानं मोजता येतं, असं त्यांचं म्हणणं. जो जास्त फिरतो तो जास्त मोकळा. एक यंत्र पाटलाला, एक पुजाऱ्याला, एक महारवाड्यात मला. वेठीची पाळी तेव्हा माझी होती.

त्याच आठवड्यात पाटलाची चुलती वारली. मयताचा सांगावा पोचवणं आमच्या माथी. खालापूर, कर्जत, नेरळ, सगळं पायी. प्रत्येक दारापासून लांब उभं राहून ओरडायचं, वरून टाकलेली भाकर झेलायची, पुढं निघायचं. तळव्यांना फोड आले.

नवव्या दिवशी चावडीपुढं निकाल वाचला. खाली पुजारी, मधे पाटील, सगळ्यांच्या वर मी.

"गावात सर्वांत स्वतंत्र हाच," रावसाहेब म्हणाले आणि वहीत लिहिलं. पाटील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. माझं यंत्र मात्र गोमूत्र शिंपडूनच परत घेतलं.

आई खूश. "रावसायबाच्या वहीत तू पाटलाच्या वर हाईस रं." मला तिचाही राग आला. फोडांना तेल ती लावत होती, आणि तेच फोड वहीत स्वातंत्र्य म्हणून चढले होते. कुणाच्या हुकमानं चाललो, हे दाखवणारा काटा त्या यंत्रात नव्हता.

रावसाहेबांना खात्री करून घ्यायची होती. यंत्र पुन्हा माझ्या कमरेला आलं. दुसऱ्या सकाळी पाटील महारवाड्याच्या कडेला येऊन उभा.

"काय रं, बाराव्याचं सांगाया खालापूरला जायाचं हाय. ऊठ."

मी उंबऱ्यावर बसलो होतो. बसूनच राहिलो.

"नाय जाणार."

"बलुतं बंद करीन. दाणा मिळायचा नाय."

"करा."

आईनं तोंडाला पदर लावला. भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. पण उठलो नाही. ऊन डोक्यावर आलं, कललं. मी तिथंच.

दिवस मावळायच्या आत रावसाहेब स्वतः आले. मी यंत्र सोडलं आणि त्यांनी टाकलं होतं तसंच जमिनीवर टाकलं. त्यांनी लांबूनच वाकून काटा पाहिला. वैतागले.

"एक पाऊलही नाही? काल सर्वांत स्वतंत्र होतास. आज काय लिहू मी?"

"शून्य लिवा."

बलुतं त्याच दिवशी बंद झालं. मी घाटाच्या सडकेवर खडी फोडायला लागलो, हात सोलले, आई अर्धपोटी राहिली. रावसाहेबांच्या वहीतला तो मोठा आकडा पाटलाच्या हुकमाचा होता. शून्य तेवढं माझं. त्यानंतर मी कुणाचा सांगावा नेला नाही. नेणार नाही.