हात हलवला, पण बस थांबली नाही

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

हिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायचं होतं, लीड्सच्या हॉस्पिटलात. माझीही नजर कमी झाल्याने डॉक्टरांनी माझं ड्रायव्हिंग बंद केलंय आणि आमच्या खेड्यात तासाला एकच बस. इथे इंग्लंडमध्ये हात आडवा धरला तरच ती थांबते. घाईत मी हात वर करून हलवला. ड्रायव्हरनेही हसून हात हलवला आणि निघून गेला.

मुलगा दूरच्या ब्रॅकनेल गावाहून फोनवर म्हणाला, "बाबा, टॅक्सी करा. गाडीला हात लावू नका!" टॅक्सी मिळाली नाही. अपॉइंटमेंट हुकली.

ही म्हणाली, "अहो, माझा एक डोळा बरा आहे. तुम्ही चालवा, मी रस्ता सांगते."

मी रागावलो नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं. सोमवारी पुन्हा बोलावलंय. बस चुकली तर मी काय करू?