कुलूपकाकांची वही

मतदान यंत्रांच्या खोलीला सील ठोकायचं काम कुलूपकाकांकडे एकतीस वर्षं होतं आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. निवृत्तीला चार महिने उरले होते. ते पुस्तक कोरं घेऊन घरी जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी माणसांकडून त्यांनी कसलीच अपेक्षा ठेवली नव्हती.

त्यातही उमेदवारांचे प्रतिनिधी त्यांच्या डोक्यात जात. कचेरीच्या व्हरांड्यात त्यातल्या दोघांची रोज जुंपायची. टोपीवाल्याच्या मते वरून उपग्रह बटणं दाबत होता. चष्मेवाल्याच्या मते यंत्रावर शंका घेणारे सगळे अडाणी.

"खोलीतलं बटण दाबून दिवा लागत नाही, आणि हा निघालाय उपग्रह घेऊन!" काका घरी फणफणत. "आणि तो दुसरा शहाणा! सीलचा नंबर टिपून घ्या म्हटलं, तर खिशात पेन नाही."

"तुम्ही टिपता ना? मग गिळा आता," बायको म्हणायची.

मतदान झालं, यंत्रं खोलीत आली. दाराला लावायच्या कागदी सीलवर नंबर असतो. तो काकांनी वहीत लिहायचा, प्रतिनिधींनी आपापल्या चिठ्ठीवर. काकांनी आतल्या एका पेटीवर वही टेकवून नंबर लिहिला. तेवढ्यात त्या दोघांचा उपग्रह पुन्हा सुरू झाला. काका त्यांना झापत झापतच बाहेर आले, कुलूप घातलं, सील चिकटवलं आणि झापतच घरी गेले.

मोजणीच्या सकाळी साहेब दारापाशी म्हणाले, "काका, वही द्या, नंबर ताडून बघू."

काकांनी काख चाचपली, पिशवी उलटी केली. मग त्यांनी बंद दाराकडे पाहिलं.

"वही आत आहे."

"चिठ्ठ्या आहेत ना?" साहेबांनी प्रतिनिधींना विचारलं. चष्मेवाला छताकडे बघू लागला. टोपीवाल्याने मोबाइल काढला. फोटोत त्याचा हसरा चेहरा भरगच्च होता. सील त्याच्या कानामागे.

"त्यात काय एवढं?" साहेब म्हणाले. "दारावरचा नंबर बघून नव्या वहीत लिहा. जुळला म्हणायचं."

"हो हो, उशीर होतोय," दोघे प्रतिनिधी जन्मात पहिल्यांदा एका सुरात बोलले.

काकांचं टाळकं सटकलं. "पंधरा दिवस सुरक्षा सुरक्षा म्हणून घसा फोडलात, आणि आता दाराला विचारून दाराचीच साक्ष लिहायची? मग मी इथे कशाला, दाराला पगार द्या!"

त्यांनी कोरा कागद घेतला. वही माझ्या चुकीने आत राहिली, असं लिहून खाली सही केली, आवक-जावकच्या बाईंकडून शिक्का मारून आणला आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग कॅमेऱ्यासमोर दार उघडून आधी वही बाहेर काढली. नंबर जुळला.

"जुळला की! फाडा तो कागद," साहेब खालच्या आवाजात म्हणाले.

"आवक झालाय साहेब. आता तो माझा नाही."

टोपीवाल्याचा उमेदवार हरला, तेव्हा संध्याकाळी व्हरांड्यात उपग्रह हजर झाला. सीलबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आठवड्याने सेवापुस्तक काकांच्या टेबलावर आलं. 'कर्तव्यात निष्काळजीपणा.' काकांनी शेरा दोनदा वाचला, चष्मा पुसला.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "सही कुठे करू?"